चित्रातली चूक शोधणारा आबा

आधी चहा संपवा, मग सांगतो. कप हातात असला तं हसता हसता सांडन, अन् सूनबाई मलेच बोलन. असा घोळ केला मी, तोही लहान लेकरांच्या शाळेत!

आता पाहा, शाळा मी कधी पाहिली नाही. भिलाईच्या स्टील प्लांटात, कोक ओव्हनवर, म्हणजे कोळशाच्या धगधगत्या भट्टीवर, उभी जिंदगी गेली. चित्रं पाहिली ती फक्त सेफ्टीच्या तासात. साहेब भिंतीवर चित्र टांगे अन् विचारे, "सांगा, ह्याच्यात चूक काय?" कोणाच्या डोक्यावर हेल्मेट नसे, कोणी सुरू मशीनीत हात घातलेला असे. सगळ्यात आधी माझाच हात वर! एकदा स्टीलचा डबाही जिंकलो. मले वाटे, चित्र म्हणजे चूक शोधाचीच गोष्ट. नाहीतं कायले काढन कोणी?

आमची नात पिहू, पाच वर्षांची. घरी पोपट, शाळेत मुकी. सूनबाई म्हणे, "मामाजी, मॅडम म्हणते, तोंडच नाही उघडलं तं पहिलीत कशी घेऊ? शनिवारी चित्रांच्या पुस्तकाचा तास आहे, आजी-आजोबांले बोलावलं. मले ड्युटी आहे. तुम्हीच तयारी करून घ्या."

पुस्तक घरी आलं. मोठमोठ्या चित्रकारांची चित्रं, लेकरांसाठी छापलेली. झालं! मी चष्मा लावला अन् आठवडाभर सेफ्टीचा तास घेतला.

चुलीपुढं बसलेली बाई. "पदर पाहा, विस्तवाच्या किती जवळ!"

नदीतली नाव. "मोज बरं माणसं. ओव्हरलोड!"

मग एक पांढरी मूर्ती आली, दोन्ही हात नसलेली. पिहूनं विचारलं, "आबा, हिले हात कावून नाही?"

मी उसासा सोडला. "बेटा, हे अपघात झाल्यावरचं चित्र आहे."

शनिवार आला. वर्गातल्या इवल्याशा खुर्चीत मी कसाबसा मावलो. मॅडमनं नावेचं चित्र उघडलं. "पिहू, क्या दिख रहा है?"

पिहू चूप. मले राहावते का? "ओव्हरलोड, मॅडम!"

पान पलटलं. "पिहू?"

"आग लगेगी, मॅडम!" हेही मीच.

मूर्ती आली तं मी उभाच राहिलो. "लक्ष नव्हतं, मॅडम. मशीनीच्या बेल्टमध्ये गेले हात!"

बस! सारा वर्ग सुरू झाला. फुलं पाहून एक पोरगी ओरडली, "काँटा चुभेगा!" झोपलेलं बाळ पाहून दुसरी, "पलंग से गिरेगा!" एक पोरगा तं चांदण्याच तपासून राहिला, कोणती ढिली आहे म्हणून. मॅडम हसून हसून लाल.

"दादाजी," त्या म्हणाल्या, "गलती नहीं ढूँढनी है. जो अच्छा लगे, वो बताना है."

अरे देवा! आठवडाभर मी लेकराले उलटंच शिकवलं! आता पहिलीत कोण घेते तिले? घाम फुटला मले. कोक ओव्हनवर नव्हता फुटला इतका!

मॅडमनं कागद अन् खडू दिले. "जो अच्छा लगता है, वो बनाओ." पिहूनं गोल डोकं काढलं, चष्मा काढला, मिशा काढल्या, मिशांखाली मोठ्ठं उघडं तोंड काढलं. अरे, हा तं मीच! माझी छाती फुगली.

"ये कौन है, पिहू?"

मी सांगाले तोंड उघडलं, तं मॅडमनं ओठावर बोट ठेवलं. मी चूप.

अन् पिहू बोलली! शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असं.

"मेरे आबा हैं. सबसे अच्छे लगते हैं."

डोळे भरून आले हो माझे. मॅडमनं वहीत खूण केली. पहिली पक्की!

पण पिहू थांबते का? चित्रातल्या त्या मोठ्ठ्या उघड्या तोंडावर खडू टेकवून म्हणते, "बस, एक गलती है, मॅडम. ये बंद ही नहीं होता. मेरा नंबर ही नहीं आता!"