सासूबाईंनी कापलेली डच मासिकं

दोह्याला आले तेव्हा लोणच्याची बरणी मी पुण्यातच ठेवली आणि तिच्या जागी डच मासिकं बॅगेत कोंबली. ग्राफिक डिझाइनची, गेल्या शतकाच्या शेवटच्या वीसेक वर्षांतली; कॉलेजात असताना रद्दीवाल्याशी हुज्जत घालून मिळवलेली. डच मला ओ की ठो कळत नाही. पण ती पानं! अख्ख्या पानावर एकच लाल आकडा, नाहीतर कोपऱ्यात एक निळा बाण, बाकी सगळं पांढरं. नवरा म्हणायचा, "शाई संपली असेल बिचाऱ्यांची."

फुटबॉलच्या वर्ल्ड कपची तयारी जोरात होती, सगळं शहर खणून ठेवलेलं. एका स्टेडियमभोवती रस्ता दाखवणाऱ्या पाट्यांचं काम माझ्याकडे होतं आणि साहेबांनी माझी डिझाइनं दोनदा नापास केली होती. "ज्याला पाटीवरची भाषाच वाचता येत नाही, त्याने काय करायचं?" एवढंच विचारायचे. तिसऱ्यांदा जमलं नाही तर माझं काँट्रॅक्ट वाढणार नव्हतं. माझी सगळी भिस्त एका मासिकावर होती, त्यात नुसते आकडे नि बाण होते. तेच उद्या साहेबांपुढे उघडायचं ठरवलं होतं.

संध्याकाळी अल गराफातल्या घरी आले, तर त्या मासिकाची चाळण झालेली. नाशिकहून महिनाभरासाठी आलेल्या सासूबाई कात्री पुसत होत्या. ओट्यावर डबे ओळीने मांडलेले आणि एकेकावर माझ्या पानांचे तुकडे चिकटवलेले.

"अहो आई, हे काय केलंत!"

"अगं, तुझ्या लेकीने सगळ्या डब्यांवर इंग्रजीत लिहिलंय. काल शिऱ्यात मीठ गेलं ना माझ्याकडून! आता बघ. लाल म्हणजे तिखट, पिवळं म्हणजे हळद. बाण वर तो रवा, बाण खाली ती साखर. आणि काय गं, एवढ्या मोठ्या पानावर एकच आकडा? कागद फुकट मिळायचा का त्यांना?"

सासूबाईंवर ओरडता येत नाही, म्हणून मी नवऱ्यावर ओरडले. मग बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडले. मासिक गेलं, आता नोकरीही जाणार!

बाहेर आले तर नवरा फोनवर कुणाला तरी अरबीत "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, आटपा, म्हणत होता. सासूबाई म्हणाल्या, "अरे, रवा दे. बाण वर." जन्मात कधी ओट्याकडे न फिरकलेल्या माणसाने बोलता बोलता रव्याचा डबा उचलून दिला. झाकणसुद्धा उघडून पाहिलं नाही. एक अक्षरही न वाचता!

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात डबेच घेऊन गेले. कशात काय ते साहेबांना एकदाच सांगितलं, मग हळद मागितली, मग साखर. दोन्ही बरोबर! साहेब हसत सुटले. "कोणी केलं हे?"

"सासूबाईंनी."

"मग पाट्याही अशाच करा," ते म्हणाले. काँट्रॅक्ट वाढलं.

त्या स्टेडियमवर पहिला सराव सामना झाला, तेव्हा सासूबाई नाशिकला परतल्या होत्या. रात्री त्यांचा फोन आला. आवाज चांगलाच तापलेला.

"अगं, शेजारणीला मुद्दाम बोलावलं होतं, आमच्या पाट्या बघायला या म्हणून. दोघी दीड तास टीव्हीसमोर बसलो. एक पाटी दाखवतील तर शपथ! नुसता बॉल दाखवत होते मेले."