पाटील सरांचं सोन्याचं पेन

“सोन्याचं आहे, एवढंच लिहून दे गो. बाकी मी बघतो,” असं म्हणत पाटील सरांनी चष्म्याच्या डबीतून ती वस्तू काढून माझ्या टेबलावर ठेवली.

मी पेणला जुनी पेनं दुरुस्त करते. हे फोनवर सांगितलं की समोरचा दोनदा विचारतो. त्याआधी सत्तावीस वर्षं धाटावच्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट सेक्शनला होते. प्रेशर गेज उघडायचे, साफ करायचे आणि खरा आकडा दाखवेपर्यंत त्यांच्या मागे लागायचं. रिटायर झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून पेनं.

पाटील सर रोह्याचे. सातवीला मला गणित शिकवायला होते. आता वय ब्याऐंशी, पण आवाज तोच. ऐकला की मी अजून सरळ बसते. कॉपी पकडण्यात त्यांचा हातखंडा. सरांना चिठ्ठीचा वास येतो, असं मुलं म्हणायची.

“शाळेच्या लायब्ररीत जुन्या वस्तूंसाठी काचेचं कपाट केलंय,” सर म्हणाले. “मी हे देणार. मागे शिक्षण खात्याचे डेप्युटीसाहेब तपासणीला आले, माझा वर्ग बघून खूश झाले आणि खिशातलं सोन्याचं पेन काढून दिलं. पण जनार्दन म्हणतो, सर, सर्टिफिकेट पायजे.”

जनार्दन म्हणजे शाळा समितीचे चेअरमन. राईस मिल आहे त्यांची. तेही सरांचेच विद्यार्थी.

मी भिंग लावलं.

“सर, हे पेन नाही.”

“मग काय लाटणं हाय?”

“मेकॅनिकल पेन्सिल आहे. खालचं टोक फिरवलं की शिसं पुढे येतं. तुम्ही याने कधी लिहिलं नाही?”

“सोन्याच्या पेनाने कोण लिहितं?”

सोन्याचंही जरा अवघडच होतं. क्लिपच्या कडेला, जिथे बोट घासतं तिथे, पितळ दिसत होतं. याला रोल्ड गोल्ड म्हणतात. पितळेवर सोन्याचा पातळ पत्रा दाबून बसवलेला असतो. सोनाराकडे याचं काही येत नाही. हौशी माणूस चालू स्थितीतल्या अशा पेन्सिलीचे दोन-तीन हजार देतो. बंद असेल तर चहा पाजतो.

“मग चालू कर,” सर म्हणाले. “मी बसतो इथेच.”

पुढचं टोक जाम होतं. या पेन्सिलींना जाड शिसं लागतं. बहुधा सरांच्या घरातल्या कुणा पोराने हल्लीचं बारीक शिसं खुपसलं होतं आणि ते आत मोडून अडकलं होतं. तेलाचा थेंब सोडला, बारीक तार घातली, अर्ध्या तासात वाट मोकळी झाली. राहिलं वरचं टोपण. त्याखाली जादा शिसं ठेवायची पोकळी असते. ते काही केल्या फिरेना. हेअर ड्रायरने हळूहळू गरम केलं, रबराच्या तुकड्यात धरलं आणि पिळलं. टक्क झालं.

आत शिसं नव्हतं. कागदाची सुरळी होती, काडीएवढी. चिमट्याने ओढून काचेवर उलगडली. पतंगाचा कागद. त्यावर मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत त्रिकोणमितीची सगळी सूत्रं.

मी सरांकडे बघितलं. मनात म्हटलं, डेप्युटीसाहेब भारीच अभ्यासू!

सर खुर्चीतून उठले. भिंग माझ्या हातातून घेतलं. मग टेबलावर अशी थाप मारली की माझे स्क्रू उडाले.

“सापडली! हा ‘थीटा’ बघ, याला शेंडी काढलीय. अशी शेंडी एकच गाढव काढायचं. जनार्दन!”

मग खरी गोष्ट बाहेर आली. डेप्युटी वगैरे कोणी नव्हता. दहावीच्या प्रिलिमला सरांनी जनार्दनला पकडलं होतं. पेन्सिल जप्त केली. ती त्याच्या बोटीवरच्या मामाने आणलेली होती. पण चिठ्ठी काही मिळाली नाही.

“मोजे बघितले, कंपास बघितली, पट्टी उलटी करून बघितली. आणि ही माझ्याच मुठीत!” सर म्हणाले. “बाप आला भांडायला. हेडमास्तरांनी मला सगळ्या वर्गासमोर माफी मागायला लावली. मागितली.”

“आणि पेन्सिल?”

“ती नाय दिली. हरवली म्हणून सांगितलं. मग घरी काय सांगू? डेप्युटीने दिली म्हटलं.”

सरांना आता ती चिठ्ठी कपाटाच्या उद्घाटनाला स्टेजवरून वाचायची होती.

“वाचा ना,” मी म्हटलं. “फक्त पेन्सिल तुमच्याकडे कशी, तेही लोक विचारतील.”

सर खाली बसले. मी चहा टाकला.

माझा एक नियम आहे. वस्तूच्या आत जे निघतं, ते परत आत जातं आणि कागदावर तशी नोंद होते. कंपनीत लागलेली सवय. म्हणून मी लिहिलं: “मेकॅनिकल पेन्सिल. रोल्ड गोल्ड. चालू स्थितीत. आत मूळ मालकाचा कागद, जसाच्या तसा.” शेवटची ओळ खोड म्हणून सरांनी बराच आग्रह केला. मी नाही म्हटलं. त्यांना नाही म्हणायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे मला जरा मजाही आली.

कार्यक्रमाला सर मला रोह्याला घेऊनच गेले. स्टेजवर जनार्दनशेठनी सर्टिफिकेट हातात घेतलं, मोठ्याने वाचायला लागले आणि “चालू स्थितीत” पर्यंत येऊन थांबले. कागदाची घडी घालून खिशात ठेवली. “बाकी टेक्निकल आहे,” असं माइकवर म्हणाले.

नंतर स्टेजमागे, बटाटेवड्याची प्लेट हातात घेऊन, दोघं समोरासमोर आले.

“जन्या, मी बरोबर होतो,” सर म्हणाले. “चिठ्ठी होती.”

“व्हय सर, होती. शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुम्ही टाकलेला फोटो बघितला तेव्हाच पेन्सिल ओळखली मी. पण मला सांगा, पेपर सुरू झाल्यावर तुम्ही ती कधी उचललीत?”

“दहा मिनिटांत.”

“मग मी चिठ्ठी बघितली कधी? मला मार्क पडले फक्त सत्तावीस. म्हणजे सर, मी कॉपी केलीच नाय. आणि तुम्ही पेन्सिल ढापलीत.”

सरांनी वडा तोंडाशी नेलेला खाली ठेवला. गणिताच्या माणसाला उत्तर चुकलेलं पटकन कळतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चटणीकडे बघितलं.

“पुन्हा माफी मागू का रे?” सर म्हणाले.

“नको. एकदा मागितलीत तेवढी पुरे. आता वडा खावा, थंड होतोय.”

पेन्सिल आज त्या कपाटात आहे. खालच्या कार्डावर देणारे म्हणून दोघांचीही नावं आहेत, आणि टोपण जनार्दनशेठनी फेव्हिक्विकने चिकटवून टाकलंय. दुरुस्ती करणारीला हे बघून फार यातना होतात.

तेव्हापासून मी काम घेताना गिऱ्हाइकाला एक प्रश्न आधी विचारते: ही वस्तू तुमचीच आहे ना? बरेच जण लगेच हो म्हणतात. जे थांबतात, त्यांचं टोपण मी त्यांच्यासमोरच उघडते.