मोटरवरची जाळी

“पाटील, तुमची मोटर लई बोलती हो.”

उस्ताद आमच्या गिरणीत शिरायचे ते हे म्हणतच. रामराम नाही, सलाम नाही. कानात बोट घालून ते जोरजोरात हलवायचे, आणि मग हे. मीही ऐकून घेणारा नव्हतो. म्हणायचो, “मोटर आहे उस्ताद, बोलणारच. शहागंजात मुकी मोटर कुठं मिळत असली तर सांगा, घेऊन येतो.”

भिंतीला भिंत लागून त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आणि मागं घर. निजामाचं राज्य होतं, लढाई चालू होती, आणि आख्ख्या गल्लीत चालू रेडिओ काय तो त्यांच्याकडंच. माझी पिठाची गिरणी सुरू झाली की त्यात खरखर सुरू. मोटरच्या आत ठिणग्या उडतात, त्या तारेतून आणि हवेतून रेडिओला छळतात, हे त्यांनी मला इतक्यांदा समजावलं, की शेवटी मीच गिऱ्हाइकांना समजावायला लागलो. बायका म्हणायच्या, “व्हय, पण आधी ज्वारी दळा.”

दिवसभराची खरखर ते सोसायचे. दिवेलागणीची मात्र त्यांना सोसवत नसे, आणि माझी खरी गर्दी नेमकी तेव्हाच.

शेवटी त्यांनी उपाय काढला. लढाईमुळं तांबं मिळेना, म्हणून चाळण्या करणाऱ्याकडून पितळी जाळी आणली आणि रेडिओभोवती पिंजरा केला. एरियलच्या तारेलाही त्रास नको, म्हणून तीही गुंडाळून आतच ठेवली. मला बघायला बोलावलं. माझी मोटर चालू होती आणि रेडिओतली खरखर साफ गेली होती. स्टेशनही गेलं होतं.

“आवाज कुठंय?” मी विचारलं.

“खरखर है क्या?”

“नाय.”

“मग झालं तर. एकेक काम करू द्या.”

पुढचे काही दिवस ते त्या गप्प रेडिओसमोर बसून होते. मग त्यांचं त्यांनाच उमगलं, की कोंडायचं ते रेडिओला नाही, मोटरला. तसे ते जाळी घेऊन माझ्याकडं आले. मी भडकलो. “माझ्या मोटरनं काय चोरी केली का, पिंजऱ्यात घालायला?”

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा कारण सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ फौजेत होता, सिंगापूरला. सिंगापूर पडल्यापासून त्याची खबर नव्हती. दिवेलागणीला जपान्यांच्या बाजूचं एक स्टेशन कैदेतल्या शिपायांची नावं वाचायचं, ते ऐकायला सरकारची बंदी, म्हणून उस्ताद खिडकी लावून ऐकत होते. “एक नाव येतं,” ते म्हणाले, “आणि मग तुमची ज्वारी येती.”

मी मोटर बंद केली. म्हणालो, “घाला पिंजरा. लागलं तर मलाबी आत घाला.”

त्यांनी मोटरभोवती जाळी बसवली, सांध्यासांध्याला कथलाचा डाग दिला. सुताएवढी फट राहिली तरी खरखर तिथून निसटते म्हणे. जाळीतली खरखर जमिनीत उतरावी, म्हणून जाळीची तार अंगणात पुरलेल्या लोखंडी नळीला जोडली; याला ते अर्थिंग म्हणायचे. ती जमीन ओली राहावी, म्हणून दळण आणणाऱ्या प्रत्येक बाईनं तिथं तांब्याभर पाणी ओतायचं, असा नियम केला. लवकरच नळीला हळदकुंकू लागलं. मग खुलदाबादेच्या एका म्हाताऱ्यानं तिला फुलं वाहिली. उस्तादांनी काहीच काढलं नाही. “अर्थिंगकू क्या फरक पड़ता,” म्हणाले.

जाळी लागू पडली. मी स्वतः जाऊन ऐकलं. मोटर पूर्ण भरात, आणि रेडिओतला माणूस समोर बसून बोलल्यासारखा. नाव, बापाचं नाव, गाव. उस्ताद प्रत्येक नावाला ओठ हलवत होते.

असे बरेच दिवस गेले. एकदा लासूरकडच्या एका पोराचं नाव आलं, तर दुसऱ्या दिवशी आगगाडीनं जाऊन उस्ताद त्याच्या आईला सांगून आले. त्या माउलीनं त्यांच्या तोंडात गूळ घातला होता. हे सांगताना उस्ताद गिरणीतच बसले होते. अंगावर पीठ बसत होतं, ते त्यांनी झटकलंही नाही.

मग एका संध्याकाळी वाचणाऱ्यानं सांगितलं, यादी संपली. उद्यापासून तीच पुन्हा पहिल्यापासून.

सकाळी उस्ताद आले. “पाटील, जाळी काढू.”

“का? बिघडली?”

“नाय. लई साफ ऐकू येतंय.” ते मोटरकडं बघत होते. “खरखर होती तवा वाटायचं, त्याचं नाव त्यात बुडालं असंल. आता कुठं बुडालं म्हणू?”

 आम्ही दोघांनी मिळून जाळी काढली.

त्या दिवशी आठवडी बाजार होता, बायका तिकडंच गेलेल्या, त्यामुळं दिवेलागणीला गिरणीत एकही दळण नव्हतं. भिंतीपलीकडं उस्तादांनी खिडकी लावली, रेडिओ लावला. नावं सुरू झाली, ती मला इकडं स्पष्ट ऐकू यायला लागली. रिकामे दगड फिरवले तर झिजतात, म्हणून मी आधी पट्टा उतरवला, आणि मोटर नुसतीच चालू करून दिली.