खिंडीतला खंदक

खांब गावाच्या अलीकडे हमरस्ता सोडून डोंगराकडे वळलं की तासाभराच्या चढानंतर एक खिंड लागते. तिथं कधीकाळी सिद्दीच्या माणसांची आणि मराठ्यांची गाठ पडली होती. जुन्या कागदांत त्या लढाईला दीड ओळ मिळाली आहे. मी पेणच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवला आणि निवृत्त झाल्यावर त्या दीड ओळीचे अडीच तास केले. थंडीत दर रविवारी मुंबई-पुण्याची वीस-पंचवीस माणसं घेऊन मी रणभूमी दाखवायला निघायचो. आवाज मोठा, हातात काठी, आणि मधे कुणी बोललेलं मला खपत नाही.

खिंडीच्या माथ्यावर जमिनीत एक लांब चर होता, कमरेएवढा खोल. त्याला मी खंदक म्हणायचो. "इथं आपली माणसं दबा धरून बसली होती," असं मी आवाज खाली आणून सांगायचो, की माणसं आपोआप वाकून आत बघायची. कागदात खंदकाचा उल्लेख नाही. पण उल्लेख नाही म्हणजे खंदक नव्हताच असं थोडंच आहे, अशी मी माझी समजूत घातली होती. सगळ्यांनी उडी मारून खंदक ओलांडायचा आणि जयजयकार करायचा, हा माझ्या फेरीचा कळस.

पहिल्या वर्षी तो मी बोलता बोलता एका ढांगेत ओलांडला होता. तिसऱ्या वर्षी काठी टेकून उडी घ्यावी लागली, तेव्हा दोष मी गुडघ्यांना दिला. चौथ्या वर्षी एक तरणीताठी मुलगी काठावर अडखळली. "हल्लीच्या पिढीत दमच नाही," म्हणून मी तिची टर उडवली आणि सगळे हसले. काठावरचं ऐनाचं झाड खालच्या अंगाला कललं होतं, तेही मला दिसत होतं.

खालच्या अंगाला, चराच्या बरोबर खाली, कातकऱ्यांची वाडी आहे. फेरी उतरली की तिथं जेवण असायचं, तांदळाची भाकरी आणि सुकट. रांधणाऱ्या मावशींनी दुसऱ्याच वर्षी मला विचारलं होतं, "गुरुजी, वर जमीन फाटलीय. माझ्या लहानपणी तिथं काय नव्हतं. भ्या वाटतं."

मी हसलो. "फाटली नाही मावशी, खणलीय. मराठ्यांचा खंदक आहे तो. पावसानं माती धुऊन उघडा पडलाय."

त्यांनी मान हलवली. पुढच्या रविवारी मावशीच पाहुण्यांना ऐटीत सांगत होत्या, "आमच्या डोक्यावर खंदक हाय." मला फार बरं वाटलं.

गेल्या फेब्रुवारीत फेरीला एक अबोल गृहस्थ आले. सगळी नोकरी बोगद्यांच्या कामात गेलेली. बाकीच्यांनी उड्या मारल्या, हे मात्र काठावर उकिडवे बसून राहिले. चराच्या तळाला एक अरुंद फट होती. तिच्यात त्यांनी खडा टाकला आणि कान देऊन ऐकलं. उतरताना मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "सर, एवढा खंदक खणला, तर माती कुठं टाकली?"

खंदकाच्या काठाला उपसलेल्या मातीचा बांध असतो, हे मीच पोरांना शिकवलेलं. इथं दोन्ही काठ सपाट होते.

"डोंगर सुटतोय," ते म्हणाले. "पावसाआधी खालची घरं हलवा. तहसीलला अर्ज द्या."

मला त्यांचा राग आला. बघतो म्हणालो आणि पुढच्या रविवारी पुन्हा आवाज खाली आणून "दबा धरून बसली होती" सांगितलं. अर्ज आज-उद्या करत राहिला. त्यात खंदक लिहू की भेग, हेच ठरेना. भेग लिहिली असती, तर इतकी वर्षं मी लोकांना काय सांगत होतो ते उघडं पडलं असतं. या गोष्टीची मला लाज वाटते, अजून वाटते.

जुलैत पाच दिवस झड लागली. नागोठण्यात अंबा नदीचं पाणी वर चढल्याचं कळलं. सहाव्या दिवशी सकाळी तहसीलला फोन केला. आम्ही निघतो, तुम्ही माणसं खालच्या शाळेत उतरवा, असं तिकडून सांगितलं. मी रिक्षानं खांब गाठलं आणि पुढं चिखल तुडवत वाडीत गेलो. वाडीचा झरा लाल झाला होता. एका घराचं दार चौकटीत अडकलं होतं आणि दोघं जण ते खांद्यानं ढकलत होते. पावसानं लाकूड फुगलं असेल, असं एक जण म्हणाला.

"शाळेत चला सगळे, आत्ताच्या आत्ता," मी ओरडलो. माणसं मावशींकडे बघायला लागली. मावशी ओट्यावर बसल्या होत्या.

"का वो गुरुजी?"

"डोंगर खाली येईल. वर भेग आहे, खंदक नाही."

"खंदक तर तुम्हीच सांगितलात."

"खोटं सांगितलं."

"दोन सालामागं माझा ल्योक म्हणत व्हता, खाली जागा बघू, घर हलवू. मीच नको म्हटलं. गुरुजी शिकलेले हायत, ते बोलले खंदक हाय, म्हणून नको म्हटलं." मग त्यांनी शांतपणे विचारलं, "मग आता खरं बोलताय, ते कशावरून?"

मी तसाच भिजलेला त्यांच्या शेजारी ओट्यावर बसलो. "तुम्ही उठल्याशिवाय मीही उठणार नाही," एवढंच म्हणालो. वर कुठंतरी एक दगड सुटला आणि झाडीतून गडगडत येऊन थांबला. मी काठी घट्ट धरली, तरी ती ओट्याच्या कडेवर टकटक वाजत राहिली.

मावशींनी काठीकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे.

"गुरुजी, तुम्ही खरंच भ्यालाय," त्या म्हणाल्या, आणि शेळीचं दावं सोडायला उठल्या.