मडगावात दादाला शोधताना

दादा घरातून निघून गेला त्याला सहा दिवस झाले होते. धारवाडला तत्त्वज्ञान शिकून आलेला माझा हा भाऊ वर्षभर घरात तोंडच उघडत नव्हता. जेवायला हाक मारली की यायचा, तेवढंच. पोलिसांत तक्रार देऊन झाली होती. शेवटी त्याचा एक मित्र फोनवर म्हणाला, "मडगावला जाऊन बघ. तिथल्या जुन्या चर्चमध्ये तो तासन्‌तास बसायचा. नाहीतर बाजारामागच्या कॅफेत. तिथं म्हातारी माणसं वाद घालत बसतात."

मी आमच्या घाटावरच्या कॅसलरॉकहून सकाळची गाडी धरली.

पोचेपर्यंत दुपार झाली. पहिल्या चर्चला कुलूप. दुसऱ्यात फुलं बदलणाऱ्या बाईला मोबाइलमधला फोटो दाखवला. तिनं नाही म्हणून मान हलवली. तिसऱ्यात दादासारखाच शर्ट घातलेला एकजण पाठमोरा गुडघ्यावर बसला होता. मी धावत जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो दुसराच निघाला. त्याची माफी मागता मागता मला रडू फुटलं. बाहेर पायरीवर बसले तेव्हा वाटलं, आता रेल्वेचे रूळच बघायचे राहिलेत.

तरी उठले. कॅफे सापडला. आत चार-पाच म्हातारे आणि त्यांच्यामध्ये दादा. तो बोलत होता. माणूस आपल्या मनानं काही करतो का, यावर हात हलवत, हसत, कोकणीतून. एक निवृत्त मास्तर त्याला मध्येच अडवत होते, तो त्यांना उत्तरं देत होता. मी दारातच उभी राहून ऐकत राहिले.

मग त्यानं मला पाहिलं आणि गप्प झाला.

"दादा, चल घराकडं. आई जेवंना झालीया."

"बाय, बस. च्या घे," मास्तर मला म्हणाले. मी बसले नाही.

"हितं एवढं बोलतोस," मी दादाला म्हणाले, "मग आमच्यासंगट का न्हाई?"

"घरात समदी माझ्या तोंडाकडं बघत बसत्यात," तो खाली बघत म्हणाला. "हितं कोण बघत न्हाई."

पण तो उठला. घाट चढेपर्यंत गाडीत खिडकीबाहेर बघत बसला.

याला दोन वर्षं झाली. दादा घरीच आहे. सांगितलं तर शेतात येतो, भात लावतो. बोलत नाही. त्या दिवशी त्याला तिथून उठवलं ते चुकलं का, हे मी अजून आईलाही विचारलेलं नाही.