न मुरलेल्या लोणच्याची तारीफ

मोहरी-मेथी भाजल्याचा वास आला की मला अमडापूरच्या घरी आलेला तो सल्लागार आठवतो. वहिनी तेव्हा नुकतीच मोबाइलवरून लोणची विकायला लागली होती आणि लहान दुकानदारांना ऑनलाइन विक्री शिकवणारा हा माणूस चिखलीहून आमच्याकडे आला होता. त्याच्या बुटांवर धुळीचा कण नव्हता. आमच्या रस्त्यावरून विमान गेलं तरी माखून उतरेल, म्हणून मला तिथेच शंका आली. "तुमच्या लिंबाच्या लोणच्याला आधी तारीफ पाहिजे," म्हणत त्याने चहा निवायच्या आत मोबाइलवर काहीतरी केलं आणि कोल्हापूरपासून काश्मीरपर्यंतची माणसं बोटं चाटायला लागली. वहिनी त्या खोट्या गिऱ्हाइकांचे अभिप्राय एकेक करून वाचत गेली. "हे लोणचं त म्या परवा घातलं. बरणी उघडलीच नाही, मंग यायनं खाल्लं कवा?" "ताई, सगळेच करतात. गिऱ्हाइकाला कुठे कळतं?" "उद्या कळलं त मायं नाव जाईन, तुमचं नाही." तिने बरणी उघडून भाकरीवर मोठी फोड ठेवली. "आता तुमी खा, अन् लागली तशीच चव लिवा." त्याचं तोंड असं वाकडं झालं की ते परत चिखलीला पोचेपर्यंत सरळ झालं नसेल. पण वहिनी समोरून हलेना, तेव्हा त्याने सगळी तारीफ पुसली आणि लिहिलं, 'कडू आहे, महिनाभर मुरू द्या.' त्या ओळीवर आलेली गिऱ्हाइकं खरंच महिनाभर थांबली. मी मात्र अजूनही मोबाइलवर साधा कंगवा घेताना आधी शिव्या शोधतो, आणि सगळेच गोड बोलत असले तर घेत नाही.