शेवटच्या बाकावरचे सर

सरावपाठ सुरू झाला की सर चपला दाराबाहेर काढत आणि शेवटच्या बाकावर दोन पोरांच्या मध्ये स्वतःला कसंबसं कोंबून घेत. मुख्याध्यापकांनी त्यांच्यासाठी मुद्दाम मांडलेली खुर्ची रिकामीच राही. आमची एखादी विद्यार्थिनी फळ्याजवळ घाम पुसत पाठ घेत असे. घाईघाईत तिनं एखाद्या पोराला मध्येच तोडलं, की मागून आवाज येई, "थांबा मॅडम. त्याचं होऊ द्या."

पोराचं मग काही लवकर होत नसे. बकरी, मोहफुलं, मामाचं लग्न, सगळं येई. घंटा वाजे, पाठ अर्धाच राही आणि ती बिचारी रडकुंडीला येई. सर मात्र बाकातून सुटायची धडपड करत म्हणत, "चांगला झाला पाठ."

आमचं कॉलेज गोंदियातलं, शिक्षक घडवणारं. मी तिथे मानसशास्त्र शिकवत असे आणि सर अभ्यासक्रमाचा विषय. तुमच्यापैकी कोणी बी.एड. केलं असेल तर ठाऊक असेल, हा विषय परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठ करून परीक्षेनंतर विसरायचा असतो. सरांना मात्र त्यातला एकच प्रश्न जन्मभर पुरला. घरी गोंडी किंवा पोवारी बोलणारं पोर शाळेत येतं, तेव्हा त्याचं बोलणं तिथे कोणाला कळतं? पीएचडी त्यावर, व्याख्यानं त्यावर, डबा खातानाचं बोलणंही त्यावरच. आम्ही कंटाळत असू, खोटं कशाला बोलू!

नव्या तुकडीचा पहिला तास ते स्वतः घेत नसत. चिचगडकडच्या एका शाळेत शिकवणारी त्यांची जुनी विद्यार्थिनी येई आणि तासभर फक्त गोंडीत शिकवी. एक अक्षर मराठी नाही. ती उठा म्हणे तर कोणी उठत नसे, वह्या काढा म्हणे तर सगळे एकमेकांची तोंडं बघत. शेवटी शेवटी मात्र सगळा वर्ग शहाण्यासारखा मान डोलवू लागे. मग सर उभे राहत. "कायले मान डोलवून राहिले होते तुम्ही? समजलं होतं काय? पहिलीतलं पोरगंही असंच डोलवते. अन् तुम्ही पाठाच्या टाचणात लिहिता, मुलांना आशय समजला."

एका वर्षी नेमकी त्याच दिवशी तपासणी समिती आली. सरांनी तिलाही बाकांवर बसवलं. त्या शिक्षिकेनं गोंडीत काहीतरी विचारलं आणि समितीच्या अध्यक्षांनी प्रसन्न हसून हात वर केला. तिनं विचारलं होतं, झोप कोणाला येऊन राहिली आहे. प्राचार्य पुढे बरेच दिवस सरांशी बोलले नाहीत.

अभ्यासक्रमाच्या बैठकीसाठी पुण्याहून बोलावणं आलं, की सर इस्त्रीचा सदरा घालून जात. पहिलीच्या मुलांचे सुरुवातीचे महिने त्यांच्या घरच्या बोलीतून जावेत, एवढंच त्यांचं मागणं. परत आले की आम्ही विचारत असू, "काय झालं सर?"

"चहा बरा होता," ते म्हणत.

पुष्कळ चकरांनंतर शिक्षकांच्या पुस्तिकेत त्यातल्या दोन ओळी आल्या. मुलांच्या घरच्या शब्दांचा वापर करावा, अशा काहीतरी. सरांनी अख्ख्या स्टाफला जिलेबी खाऊ घातली. पुढे अभ्यासक्रम बदलला, नवी पुस्तिका आली, आणि त्या ओळी गेल्या. सरांनी ती पुस्तिका पुढून मागे आणि मागून पुढे चाळली आणि खडू घेऊन तासाला गेले. मला भयंकर राग आला होता. पण रागवायचं कोणावर, तेच कळेना.

सर स्वतः पोवार. बिरसीच्या विमानतळाजवळच्या गावात त्यांची मोठी बहीण राहते. तिला ते 'बाई' म्हणत आणि तिच्याशी पोवारीतच बोलत. घरी मात्र मुलाशी शुद्ध, छापील मराठी. हे मला खटकायचं. एकदा विचारलंच, "सर, जगाला सांगता आणि स्वतःच्या पोराला पोवारी शिकवली नाही, काऊन?"

सर डब्याचं झाकण लावत राहिले. मग म्हणाले, "मास्तर म्हणून सांगतो मॅडम. बाप म्हणून भ्यालो."

ते निवृत्त झाले, मग वहिनी गेल्या. मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. गेल्या वर्षी त्याचा फोन आला. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला होता. "काकू, ते बोलतात, पण काय बोलतात तेच कळत नाही. मराठी येतच नाही तोंडात. तुम्ही ऐकता का?"

त्यानं फोन सरांच्या तोंडाशी धरला. पोवारीच होती. चाल ओळखीची, पण जीभ इतकी जड झालेली, की माझ्या हाती एक शब्द लागेना. गोंदियाच्या दवाखान्यात पोवारी समजणारं कोणीतरी भेटलंच असतं. पुण्यात कोण भेटणार? तिथल्या नर्स मायेनं "हो आजोबा, हो आजोबा" म्हणत आणि सर आणखी चिडत. घास देणाऱ्याचा हात ढकलत. मुलगा फोनवर रडला. "त्यांना काय पाहिजे तेवढं तरी कळू दे हो."

मी ऑटो करून सरांच्या बहिणीकडे, बाईंकडे गेले. त्यांचे गुडघे गेलेले, पुण्याचा प्रवास अशक्यच. अंगणात खाटेवर बसवून व्हिडिओ कॉल लावून दिला. भावाचा वाकडा चेहरा पाहून त्या आधी पदराआड रडल्या, मग बोलू लागल्या. सर ऐकतच राहिले. मग स्वतः बोलू लागले, भराभर. वरून शिकाऊ पायलटचं विमान घरघरत गेलं, तेवढा वेळ बाईंनी हातानंच त्यांना थांबवलं आणि ते थांबलेही. पुन्हा बोलले. कितीतरी दिवसांनी कोणीतरी त्यांना उत्तर देत होतं. बोलता बोलता चेहरा निवळला. पलीकडून मुलगा विचारत होता, "आत्या, काय म्हणतात बाबा?" बाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि बंद करायची खूण केली.

"मले माय समजून राहिला तो," त्या म्हणाल्या. "म्हणते, या शाळेत नको धाडू. इथं माह्यं बोलणं कोनालेच समजत नाही. घरी ने म्हणते."

मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणू मॅडम? माय म्हणते तेच म्हटलं. आज बस बाबू, संध्याकाळी घ्यायले येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचा फोन आला. पहाटे सर गेले होते. बराच वेळ तो नुसताच रडला. मग म्हणाला, "काल आत्याशी बोलल्यावर शहाण्यासारखे जेवले हो. पण संध्याकाळी झोपायला तयार होईनात. उठवून बसवायला लावलं, धड असलेल्या हातानं खूण करून चपला मागितल्या, आणि दाराकडे बघत बसून राहिले. कोणी येणार होतं का, काकू?"